ग्रेट बेंडच्या वाऱ्यात

२००७ सालच्या ऑगस्टात जपानमधल्या ओसाका शहरात जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा झाली. पुरुषांची शंभर मीटर शर्यत अमेरिकेच्या टायसन गेने ९.८५ सेकंदांत जिंकली. दुसऱ्या दिवशी महिलांची शंभर मीटर जमैकाच्या व्हेरोनिका कॅम्पबेलने जिंकली. तिची आणि अमेरिकेच्या लॉरिन विल्यम्सची वेळ एकच, ११.०१. निकाल छायाचित्र बघून द्यावा लागला. जगातला सर्वांत वेगवान पुरुष आणि जगातली सर्वांत वेगवान बाई असे हे दोघे एकाच कॉलेजात शिकलेले निघाले. ते कॉलेज कॅन्सस राज्याच्या मधोमध, गव्हाच्या शेतांत उभं आहे. नाव बार्टन कम्युनिटी कॉलेज, गाव ग्रेट बेंड. या दोघांना तिथे तयार करणारा प्रशिक्षक लान्स ब्राउमन, टायसन जिंकला त्या दिवशी, टेक्सासमधल्या टेक्सारकाना इथल्या तुरुंगात शिक्षा भोगत होता.

मी तेव्हा एका मराठी दैनिकाच्या क्रीडापानावर होतो. भारताचा संघ इंग्लंडमध्ये एकदिवसीय सामने खेळत होता, त्यामुळे ओसाकाला पानाच्या तळाशी जेमतेम दोन कॉलम मिळाले. कॉलेजची गोष्ट त्यात बसली नाही. माझ्या डोक्यात मात्र बसून राहिली.

पुढे माझा भाचा विचिटा शहरात नोकरीला लागला. विचिटा ही विमानं बनवणाऱ्यांची नगरी, आणि अभियंत्यांमागोमाग मराठी घरंही तिथे पोचली आहेत. त्याच्याकडे गेलो तेव्हा मी ग्रेट बेंडचं नाव काढलं.

"मामा, तिथं काय आहे बघायला?" भाचा म्हणाला. त्याने माझ्यासाठी कोलोरॅडोच्या डोंगरांचा बेत आखून ठेवला होता.

"कॉलेज बघायचंय."

त्याची बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कम्युनिटी कॉलेज? अहो मामा, ज्यांना कुठेच अ‍ॅडमिशन मिळत नाही ते जातात तिथं." त्यांचा मुलगा त्या वर्षी बारावीला होता. त्याच्यासमोर हा शब्दच नको, असा काहीसा सूर होता. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मला जायचं होतं ते त्याचसाठी.

एप्रिलच्या एका शनिवारी पहाटे आम्ही निघालो. वाटेत हचिन्सन लागतं. या गावाखाली साडेसहाशे फुटांवर मिठाची खाण आहे, ती पर्यटक बघतात. मी भाच्याला गाडी स्पोर्ट्स अरीनाकडे घ्यायला लावली. ज्युनियर कॉलेजांची, म्हणजे दोन वर्षांच्या कॉलेजांची, राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा १९४९ पासून याच गावात भरते, आणि १९५२ पासून या इमारतीत. महायुद्धातून परतलेल्या सैनिकांची एक संघटना आहे, अमेरिकन लीजन. तिची गावातली शाखा ही स्पर्धा चालवते. अमेरिकेत राष्ट्रीय स्पर्धा दरसाल शहरं बदलतात, शहरं त्यांच्यासाठी बोली लावतात, त्या पळवल्याही जातात. ही स्पर्धा कुणी पळवू नये म्हणून इथल्या नागरिकांनी २०१४ साली मतदान केलं, स्वतःवर विक्रीकर लावून घेतला आणि जुन्या इमारतीचं नूतनीकरण केलं. स्पर्धेचा मार्च उलटून गेला होता. आत कुणी नव्हतं. एक सफाई कामगार यंत्राने फरशी पुसत होता, त्याने आम्हाला हाताने 'या' म्हटलं. भाच्याने वर टांगलेले झेंडे वाचले आणि विचारलं, "यातलं एक तरी गाव ऐकलंय का तुम्ही?" नव्हतं ऐकलं.

हचिन्सन सोडलं की रस्ता सरळ होतो आणि सरळच राहतो. निकर्सन, स्टर्लिंग, लायन्स. प्रत्येक गावाची खूण एकच: रेल्वेच्या रुळांशेजारी धान्याच्या कोठारांचे पांढरे बुरूज. ते दिसल्यावर गाव यायला बराच वेळ लागतो, इतकी जमीन सपाट. दोन्ही बाजूंना घोट्याएवढा हिरवा गहू. १८७४ साली रशियातून आलेल्या मेनोनाइट पंथाच्या शेतकऱ्यांनी 'टर्की रेड' हे हिवाळी गव्हाचं बी सोबत आणलं, तेव्हापासून हे राज्य गव्हाचं झालं. शेतांमध्ये तेल उपसणारे पंप नंदीबैलासारखे मान डोलावत उभे असतात, शेजारी माणूस कुणी नाही. आणि वारा. गाडीचं दार उघडताना ते हातातून निसटेल इतका वारा. भाचा म्हणाला, "आज जरा कमी आहे."

ग्रेट बेंड म्हणजे आर्कान्सॉ नदीचं मोठं वळण. सांता फे मार्गावरून जाणाऱ्या बैलगाड्यांचे तांडे इथून पुढे जायचे. वस्ती पंधरा हजारांच्या आत, आणि सगळ्या बार्टन काउंटीची मिळून पंचवीस हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या बाजारगावाएवढा जिल्हा. दुसऱ्या महायुद्धात इथल्या धावपट्टीवर बी-२९ बॉम्बर विमानांचे चालक तयार झाले. युद्ध संपलं, विमानं गेली, सपाट काँक्रीट उरलं. त्यावर १९५५ साली अमेरिकेतली पहिली राष्ट्रीय 'ड्रॅग रेस' झाली, म्हणजे पाव मैलाच्या सरळ पट्टीवर मोटारी सुसाट सोडण्याची शर्यत. पावसाने अंतिम फेऱ्या वाहून गेल्या आणि त्या नोव्हेंबरात अ‍ॅरिझोनात उरकाव्या लागल्या, पण गाव अजून त्या मानाचं बोलतं. सरळ रेषेत जोरात जाण्याचा या गावाला नाद आहे, असं मी भाच्याला म्हणालो. तो म्हणाला, "दुसरं करणार काय? वळायला जागाच नाही इथं."

कॉलेज गावात नाही. ईशान्येला तीन-चार मैलांवर शेतांत आहे. शेत संपतं आणि एकदम पार्किंग सुरू होतं. विटांच्या बसक्या इमारती, एक कलादालन, एक व्यायामशाळा, वसतिगृहं, पुढे ट्रॅक आणि सॉकरचं मैदान. फाटक नाही, पहारेकरी नाही, कुणाच्या आजोबांचा पुतळा नाही. आपल्याकडे गावात कॉलेज आलं की त्याला कुणाचं तरी नाव आणि कुणाचं तरी घराणं चिकटलेलं असतं. हे कॉलेज काउंटीचं आहे. १९६० च्या दशकात इथल्या मतदारांनी आम्हाला कॉलेज हवं असा कौल दिला, १९६९ मध्ये वर्ग भरले. विश्वस्त मंडळ लोक मतदानाने निवडतात आणि खर्चाचा मोठा वाटा काउंटीतल्या जमीन-घरांवरच्या करातून येतो. तो कर दरवर्षी किती असावा यावर दरवर्षी भांडण होतं, हेही ओघाने आलंच.

दोन वर्षांच्या कॉलेजाची ही कल्पना जुनी आहे. पहिलं सरकारी ज्युनियर कॉलेज १९०१ मध्ये इलिनॉय राज्यात जोलिएटला निघालं. कॅन्ससमध्ये १९१९ ला फोर्ट स्कॉट आणि गार्डन सिटी इथे सुरुवात झाली, आज राज्यात अशी १९ कॉलेजं आहेत. शाळा पूर्ण केलेल्या कुणालाही प्रवेश. फी कमी. दोन वर्षांत नर्सिंगचं शिक्षण घ्या आणि गावच्या दवाखान्यात लागा, नाहीतर वेल्डिंग शिका, नाहीतर गुण सुधारून मोठ्या विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जा. मधल्या काळात शेत सुटत नाही आणि कर्जही फारसं होत नाही.

आता यात खेळ कुठून आला? खेळ पहिल्यापासूनच होता. १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो इथे तेरा ज्युनियर कॉलेजांनी मिळून स्वतःची क्रीडासंघटना काढली, कारण मोठ्या विद्यापीठांच्या स्पर्धेत त्यांना कुणी उभं करत नव्हतं. पण कॅन्ससच्या शेतांत जमैकाची पोरं येण्याचं कारण वेगळं आहे. १९८३ मध्ये मोठ्या विद्यापीठांच्या संघटनेने नियम केला आणि १९८६ पासून तो लागू झाला: शाळेत ठरावीक गुण आणि प्रवेशपरीक्षेत ठरावीक अंक नसतील, तर पहिल्या वर्षी खेळता येणार नाही. पाय चालतात पण वही चालत नाही, अशा शेकडो मुलांपुढे दार बंद झालं. त्यांच्यासाठी उघडं राहिलेलं दार कम्युनिटी कॉलेजचं. केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनचा टायसन गे असाच शाळेतल्या गुणांपायी बार्टनला आला. व्हेरोनिका जमैकाच्या ट्रेलॉनी परगण्यातून आली. सिडनी ऑलिम्पिकमध्ये रिलेचं रौप्यपदक तिने त्याआधीच मिळवलं होतं. ऑलिम्पिकचं पदक घेऊन ही मुलगी इथे, या गव्हात राहायला आली, हे पार्किंगमध्ये उभं राहिल्यावर खरं वाटेना.

त्या दिवशी मैदानावर आसपासच्या काही कॉलेजांची स्पर्धा होती. प्रवेश फुकट. लोक घड्या घालायच्या खुर्च्या आणि गोधड्या घेऊन आले होते. मला प्रेक्षक म्हणजे खेळाडूंचे आईबाप वाटले होते, पण इथल्या खेळाडूंचे आईबाप हजारो मैलांवर. बसलेले होते ते गावातले लोक. एका कोपऱ्यात खाण्याचं टेबल, तिथे बिअरॉक नावाचे बन होते. आत मांसाचा खिमा आणि कोबी. व्होल्गा नदीकाठच्या जर्मन शेतकऱ्यांनी हा पदार्थ कॅन्ससमध्ये आणला. मी शाकाहारी, म्हणून टेबलावरच्या बाईंनी माझ्यासाठी नुसत्या कोबीचा शोधला. सापडला नाही. मग त्यांनी दालचिनीचा रोल दिला आणि पैसे घ्यायचे नाकारले. तेवढ्यात रिलेच्या बॅटनची पिशवी घेऊन एक मुलगा धावत गेला, त्याला त्यांनी नावाने हाक मारून दम दिला, "जेवलास का?"

माझ्या शेजारी एक म्हातारे शेतकरी बसले होते, टोपीवर बियाणं विकणाऱ्याची जाहिरात. मी भारतातून आलो म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न पावसाचा विचारला. गहू आणि मायलो करतात म्हणाले. मायलो म्हणजे ज्वारी. अमेरिकेत सर्वांत जास्त ज्वारी कॅन्ससमध्ये पिकते, आणि ती जाते गुरांच्या दावणीत किंवा मोटारींच्या इंधनात. आम्ही तिची भाकरी करतो म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे काही क्षण सहानुभूतीने पाहिलं.

शंभर मीटरच्या फेऱ्या सुरू झाल्या. वारा धावणाऱ्यांच्या पाठीशी होता. दर सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त वारा पाठीशी असला तर वेळ विक्रमात धरत नाहीत. प्रत्येक फेरीनंतर फलकावर वेळ आणि तिच्यापुढे वाऱ्याचा आकडा येई, आणि दरवेळी आकडा दोनच्या वर. पोरं वेळ बघून उड्या मारायची, मग आकडा बघून हात झटकायची. म्हातारबुवा म्हणाले, "इथं सगळे ऑलिम्पिकचे धावपटू असतात. दुसरीकडं गेले की खरं कळतं." त्यांनी टायसन गेला पाहिलं होतं. "पोरगा अबोल होता. पण तेव्हा आम्हाला काय माहीत? दरवर्षी कुणीतरी वेगवान येतंच."

मग मी तो प्रश्न विचारला. तुमच्या शेतावरच्या करातून जमैकाची, केनियाची पोरं इथे धावतात, चालतं का तुम्हाला?

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. एक फेरी होऊ दिली. मग म्हणाले, की कर जास्त आहे, तो प्रत्येक बैठकीत ते बोलून दाखवतात. पण त्यांची सून इथे नर्सिंग शिकली, नातू वेल्डिंग शिकतो. काउंटीतल्या शाळांत पोरं दरवर्षी कमी होत चालली आहेत. बाहेरची पोरं आली नाहीत तर वसतिगृह अर्धं रिकामं, जीवशास्त्राच्या वर्गात पुरेसे विद्यार्थी नाहीत, आणि मग तो वर्गच बंद. "त्यांना पदवी पाहिजे, आम्हाला विद्यार्थी. सरळ व्यवहार आहे." मग जरा थांबून, "आणि शनिवार कसा घालवणार? हे बघायला काय पैसे पडतात?"

हा हिशोब मला कुठल्याही अहवालापेक्षा स्पष्ट वाटला. ग्रामीण कम्युनिटी कॉलेजांत खेळाडू हा पटाचा मोठा भाग असतो. संघ बंद केला की तेवढी नावं पटावरून गळतात, आणि नावांवर अनुदान चालतं. म्हणून ही कॉलेजं गरीब असली तरी प्रशिक्षक नेमतात, बसगाड्या घेतात आणि सहा-सहा तासांच्या प्रवासाला पोरं पाठवतात. ज्युनियर कॉलेजांच्या राष्ट्रीय संघटनेत तीन श्रेणी आहेत: पहिलीत राहणं-जेवणासह सगळा खर्च देता येतो, दुसरीत फक्त फी आणि पुस्तकं, तिसरीत काहीच नाही. कॅन्ससच्या कॉलेजांनी आपसांत आणखी कडक नियम घालून घेतले होते. अमेरिकन फुटबॉलच्या संघात राज्याबाहेरचे फक्त वीस खेळाडू चालत, म्हणजे गावातल्या पोरांना जागा राहावी. २०१६ मध्ये ती मर्यादा काढून टाकली. त्यानंतर इंडिपेंडन्स नावाच्या गावातल्या कॉलेजने बाहेरून खेळाडू गोळा करून संघ बांधला, आणि नेटफ्लिक्सच्या 'लास्ट चान्स यू' या मालिकेचे कॅमेरे मिसिसिपीतलं स्कूबा गाव सोडून कॅन्ससमध्ये आले. भाच्याने ती पाहिली होती. त्याला त्यातल्या शिव्या तेवढ्या आठवत होत्या. (बार्टनला फुटबॉलचा संघच नाही, हे इथे सांगायला हवं, नाहीतर अमेरिकन कॉलेज म्हणजे हेल्मेट असं चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं.)

आता ब्राउमनची गोष्ट. खेळाडूंना पैसे द्यायचे, पण कायद्याने मोजकेच देता येतात. केंद्र सरकारची योजना आहे, विद्यार्थ्याने कॉलेजात काम करावं आणि तासाप्रमाणे पैसे घ्यावेत. बार्टनमध्ये खेळाडूंच्या नावावर न केलेल्या कामाचे तास भरले जात होते. आपल्याकडे रोजगार हमीच्या हजेरीपटावर जे व्हायचं तेच. एक नव्हे, अनेक प्रशिक्षक चौकशीत सापडले. ब्राउमनवर अपहार आणि टपालाद्वारे फसवणुकीचे आरोप २००६ मध्ये सिद्ध झाले आणि एक वर्ष एक दिवसाची कैद झाली. तोवर तो आर्कान्सॉ विद्यापीठात गेला होता, दोन्ही धावपटूही तिथेच गेले होते. तुरुंगातून तो टायसनसाठी सरावाचे तक्ते लिहून पाठवत राहिला. तो तक्ता वाचून पळणारा माणूस ओसाकात शंभर, दोनशे आणि रिले अशी तीन सुवर्णपदकं घेऊन गेला. दोनशेमध्ये त्याच्या मागे दुसरा आलेला एकवीस वर्षांचा पोरगा होता उसेन बोल्ट. बार्टनमध्ये २००३ च्या उन्हाळ्यात टायसनला दिलेल्या बेकायदा मदतीपायी आर्कान्सॉ विद्यापीठाला २००४ आणि २००५ ची राष्ट्रीय विजेतेपदं सोडावी लागली. टायसन स्वतः २०१३ मध्ये उत्तेजक चाचणीत सापडला आणि लंडन ऑलिम्पिकचं रिलेचं रौप्य त्याच्यासकट सगळ्या चमूने गमावलं. ब्राउमन मात्र सुटून फ्लोरिडात गेला, पुन्हा प्रशिक्षक झाला. २०२४ मध्ये पॅरिसला नोआ लाइल्सने शंभर मीटर सेकंदाच्या पाच सहस्रांशाने जिंकली, तेव्हा त्याचा प्रशिक्षक ब्राउमनच होता.

यातून कुणी नीतिकथा काढायची तर तिला धड शेपूट सापडणार नाही. गुन्हा केलेल्याला शिक्षा झाली आणि यशही मिळालं. मला त्यात एक गोष्ट दिसते: दार सताड उघडं ठेवणाऱ्या घराला चोरीचा धोका जास्त. म्हणून दार लावून घ्यायचं का, हा प्रश्न कॅन्ससच्या लोकांनी सोडवला, आणि ते दार त्यांनी उघडंच ठेवलं. मी मैदानावर कुणाकडे तुरुंगाचा विषय काढला नाही. म्हातारबुवांनी आपणहून काढला. "आमची लाज होती ती," एवढंच म्हणाले आणि पुन्हा ट्रॅककडे बघू लागले.

पण याहून वाईट लाज पश्चिमेला आहे. गार्डन सिटी इथून दोन-अडीच तासांवर. तिथल्या कम्युनिटी कॉलेजच्या फुटबॉल संघाने २०१६ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. १ ऑगस्ट २०१८ रोजी न्यू जर्सीहून नुकताच आलेला एकोणीस वर्षांचा खेळाडू पहिल्याच सरावाच्या धावांनंतर वसतिगृहाबाहेर कोसळला आणि त्याच रात्री उष्माघाताने गेला. मैदानात बर्फाच्या पाण्याचं टाकं असतं आणि वेळेवर त्यात बसवलं असतं, तर उष्माघाताचा रुग्ण बहुधा वाचतो. हे वैद्यकाला पक्कं माहीत आहे, खर्चही फार नाही. तीन वर्षांनी फोर्ट स्कॉटच्या कॉलेजात पुन्हा एक फुटबॉलपटू सरावानंतर उष्णतेने दगावला आणि त्या कॉलेजने फुटबॉलच बंद केला. हजार मैलांवरून पोरगं बोलावता, तर त्याच्या अंगातला ताप मोजायला माणूस ठेवा. फाटका संसार असला तरी एवढी ऐपत काउंटीची असते. माझं या सगळ्या व्यवस्थेवरचं सर्वांत मोठं बोट इथे आहे, बनावट तासांवर नाही.

दुपारी फेऱ्यांमध्ये मोकळा वेळ होता. भाचा म्हणाला शायेन बॉटम्स बघून येऊ. कॉलेजपासून जवळच एकेचाळीस हजार एकरांची उथळ पाणथळ बशी आहे. दक्षिण अमेरिकेतून आर्क्टिककडे जाणारे किनारपक्षी एप्रिल-मेमध्ये इथे उतरतात, चिखलातल्या अळ्या खाऊन वजन वाढवतात आणि पुढे जातात. दोन वर्षं राहून पुढे जाणाऱ्या खेळाडूंची उपमा इथे आयती येऊन बसली होती. तिला मी हुसकावून लावलं. पक्ष्यांना बीजगणिताची परीक्षा द्यावी लागत नाही.

परतलो तेव्हा चारशे मीटरच्या रिलेची तयारी चालू होती. कुंपणाजवळ एक जमैकन मुलगी बूट बांधत होती, तिच्याशी बोललो. आल्यावर पहिला हिवाळा कसा गेला, विचारलं. ती म्हणाली, "आईला फोन करून रडले. मग कोचनी जाकीट आणून दिलं." शिकतेस काय? रेडिओलॉजी करायचंय, म्हणाली. त्यासाठी इथून चार वर्षांच्या विद्यापीठात जायचं. वेळ चांगली लागली तर शिष्यवृत्ती, नाही लागली तर कर्ज. तिने हे शेअर बाजाराचा भाव सांगावा तसं सांगितलं. मग धावायला गेली. तिच्या संघाने बॅटन तिसऱ्या बदलीला पाडलं.

हा बाजार सध्या जोरात हलतो आहे. डिसेंबर २०२४ मध्ये दिएगो पाविया या फुटबॉलपटूच्या खटल्यात केंद्रीय न्यायाधीशाने त्याच्या बाजूने आदेश दिला. ज्युनियर कॉलेजात खेळलेली वर्षं मोठ्या विद्यापीठातल्या खेळण्याच्या मुदतीतून वजा करू नयेत, असा त्याचा दावा होता. आता चार वर्षांच्या विद्यापीठांना अठरा वर्षांच्या कच्च्या पोरापेक्षा इथून तयार होऊन आलेला वीस-एकवीस वर्षांचा खेळाडू परवडतो. अठरा वर्षांची पोरं मग आणखी जास्त संख्येने गव्हाकडे वळतील.

परतीच्या वाटेवर मी अविनाश साबळेचा विचार करत होतो. बीड जिल्ह्यातला मांडव्याचा हा पोरगा बारावीनंतर लष्करात भरती झाला, तिथे धावू लागला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदकापर्यंत गेला. आपल्याकडे खेड्यातल्या धावपटूची दोन वर्षं सांभाळण्याचं काम लष्कर करतं, रेल्वे करते, पोलीस करतात. कॉलेज करत नाही. आपल्याकडे कॉलेजं तालुक्या-तालुक्याला आहेत, मैदानंही बऱ्याच ठिकाणी आहेत, पण क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी असते. भरली असली तरी तो निवडणुकीच्या कामावर असतो. वर्दीत न बसणारी पोर कुठे जाणार, याचं उत्तर आपल्याकडे नाही. ग्रेट बेंडचं उत्तर सदोष आहे, पण आहे.

घरी पोचलो तेव्हा भाचेसुनेने ज्वारीची भाकरी करून ठेवली होती. पीठ भारतीय दुकानातलं, पाकिटावर भारताचं नाव. कॅन्ससची ज्वारी तिला कुठे मिळाली नव्हती. बारावीतल्या मुलाने विचारलं, कॉलेज कसं होतं. मी त्याला खरं ते सांगितलं: वेगवान पोरं, वाईट वारा, आणि प्रवेशासाठी फक्त शाळा पूर्ण केल्याचा दाखला. त्याच्या आईने विषय बदलला.

तुम्ही विचिटाला कुणाकडे उतरलात, तर एप्रिलमध्ये एक शनिवार काढा. तिकीट लागत नाही. शाकाहारी असाल तर डबा बरोबर ठेवा, आणि फलकावर वेळ दिसली की टाळ्या वाजवण्याआधी शेजारचा वाऱ्याचा आकडा बघा.